38 अणूंचा चकवा

प्रश्न : लेनर्ड-जोन्स विभव (दोन अणूंमधल्या ओढीचं आणि ढकलण्याचं साधं सूत्र) घेऊन 38 अणूंच्या पुंजक्याची सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधते आहे. सायपायमधलं (पायथनची गणिती लायब्ररी) बेसिन-हॉपिंग वापरते, म्हणजे यदृच्छ उडी मारायची आणि दर वेळी जवळच्या किमान ऊर्जेला उतरायचं. उत्तर दर वेळी −173.25 वर अडकतं (एकक: एका जोडीच्या विभवाची खोली). ज्ञात किमान −173.93 आहे. कोड चुकलाय का?
— एमएस्सी विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : कोड बहुधा ठीक आहे. खात्रीसाठी आधी 13 अणू चालवा. −44.3268 यायला हवं. बरोबर दुप्पट आलं, तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जातेय.

−173.2524 ही विंशतिफलकी (वीस त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) ठेवणीतली सर्वोत्तम रचना, एकूणात दुसरी. पहिली (−173.9284) म्हणजे कोपरे छाटलेला अष्टफलक, आत 6 अणू आणि पृष्ठभागावर 32. सगळ्या मांडणींच्या ऊर्जेचा डोंगर-दऱ्यांसारखा नकाशा डोळ्यांसमोर आणा : विंशतिफलकी खोरं रुंद, अष्टफलकाचं चिंचोळं, मधे ऊर्जेचा उंच घाट. त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी बहुतेक वेळा आपण रुंद खोऱ्यातच उतरतो. 38 हा आकडा या पद्धतींची परीक्षा घ्यायला वापरतात तो याचसाठी.

सायपायला काही सांगितलं नाही तर ते 100 उड्यांत थांबतं. इथे काही हजार लागतात. तापमान (जास्त ऊर्जेकडे नेणारी उडी स्वीकारण्याची मुभा) 0.8, उडीची लांबी 0.36 ते 0.4 ठेवा (बेसिन-हॉपिंग मांडणाऱ्या वेल्स आणि डॉय यांनी 1997 मध्ये हेच तापमान वापरलं होतं). एकच लांबलचक धाव घेण्यापेक्षा वेगवेगळ्या यदृच्छ मांडणींतून अनेक धावा घ्या. ऊर्जेचा उतार (ग्रेडियंट) सूत्राने द्या. नाही तर 114 निर्देशांकांसाठी दर उताराला ऊर्जा 115 वेळा मोजली जाते आणि वेळ तिथेच जातो. परम ब्रह्म या महासंगणकाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, साधा लॅपटॉप पुरतो.

एक अणू सटकून दूर गेला की त्याच्यावरचं बल जवळपास शून्य होतं आणि प्रोग्राम खुशाल 'किमान सापडलं' म्हणतो. म्हणून पुंजक्याभोवती गोलाकार मर्यादा घाला, बाहेर गेलेला अणू आत ओढा. सुरुवातीलाच दोन अणू फार जवळ पडले, तर विभवातल्या अंतराच्या बाराव्या घातामुळे ऊर्जा भलतीच फुगते. तशी मांडणी सरळ टाकून द्या.

प्रश्न : हीच रीत औषधाच्या रेणूला चालेल?
— वाचक, कोथरूड

उत्तर : जशीच्या तशी नाही. अणू वाटेल तसे हलवले तर बंध तुटतात, कधी किरल केंद्रच (रेणूचा डावा-उजवा हात ठरवणारा अणू) उलटं होतं. एकेरी बंधांभोवतीचे कोन फिरवा, बलक्षेत्राने (अणूंमधल्या बलांच्या झटपट सूत्रांनी) गाळा, उरलेल्या मोजक्या रचना घनता फलनक पद्धतीने (डीएफटी, इलेक्ट्रॉनांचं पुंजभौतिकी गणित) पुन्हा सोडवा. शेवटी कंपनवारंवारता तपासा. एक जरी काल्पनिक निघाली, तर ती किमान रचना नव्हे.