आधी शीट ओळखायला शीक

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. लेझरनं कापायचं-कोरायचं मशीन आल्यावर घराबाहेरचं पहिलंच काम मिळालं, तेही आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या एका घराची पाटी, वर मराठीत नाव आणि खाली तेलुगूत, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस, "काका, ३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट घेऊ की ५ ची?" जाडीचं सांगतो. पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न वेगळाच विचारायचा: शीट कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड?

दोन्ही अ‍ॅक्रिलिकच, म्हणजे काचेसारखं दिसणारं कडक प्लास्टिक. कास्ट म्हणजे दोन काचांच्या मध्ये पातळ रसायन ओतून तिथंच घट्ट केलेली शीट. एक्स्ट्रुडेड म्हणजे माल वितळवून फटीतून दाबून काढलेली. शेजारी शेजारी ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, वरच्या कागदावरून किंवा पातळ प्लास्टिकवरूनही खात्रीनं सांगता येत नाही. लेझरखाली मात्र लगेच कळतं. कास्टवर कोरलेलं अक्षर दुधासारखं पांढरं उमटतं. एक्स्ट्रुडेड वितळून पुन्हा गुळगुळीत होते. अक्षर बोटाला लागतं, पण दोन पावलं मागं गेलं की दिसत नाही.

हे मी फार वाईट वेळी शिकलो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर चाळीस सन्मानचिन्हांचं काम घेतलं होतं. यात्रेत मिरवतात त्या उंच नंदीध्वजाची आकृती आणि खाली मानकऱ्याचं नाव. विक्रेत्यानं कास्ट म्हणून दिलेली शीट एक्स्ट्रुडेड निघाली, आणि मी एकही तुकडा कोरून न बघता चाळीसच्या चाळीस कापून ठेवली होती. रात्रभर बसून कोरलेल्या रेषांत ब्रशनं रंग भरला. काम वेळेत गेलं, पण तसं व्हायला नको होतं, हे अजून मनात आहे. तेव्हापासून नवी शीट आली की आधी कोपऱ्यातला दोन बोटं रुंद तुकडा कोरतो. तूही हे चुकवू नकोस.

एक्स्ट्रुडेड वाईट असते असं मात्र समजू नकोस. स्वस्त असते आणि जाडी सगळीकडे सारखी मिळते, त्यामुळं खाचेत खाच बसवायच्या डब्या-खोक्यांना तीच बरी. कास्टची जाडी एकाच शीटमध्ये कमी-जास्त भरते. शिवाय बाजारात ३ मिलिमीटर म्हणून मिळालेली शीट व्हर्निअरवर, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीवर, २.६ भरू शकते. पूर्ण शीट घेत असशील तर काट्यावर ठेवायला सांग. ८ बाय ४ फुटांची खरी ३ मिलिमीटर शीट साधारण साडेदहा किलो भरते. सव्वानऊच्या आसपास आली तर पैसे ३ चे आणि माल २.६ चा.

आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं. पीव्हीसी, हे वेगळंच प्लास्टिक, मशीनमध्ये कधीही घालायची नाही. पाट्यांना वापरतात तो हलका सनबोर्ड त्यातलाच. गिऱ्हाईक म्हणेल, "पांढरी शीट आहे, कापून दे की." लेझर लागली की पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो तुझी छाती जाळेल आणि मशीनच्या रेल, आरसे, लेन्स गंजवून टाकेल. शंका आली तर उघड्यावर जाऊन तांब्याची तार पकडीत धर, आचेवर लाल कर, शीटच्या तुकड्याला टेकव आणि पुन्हा आचेत धर. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा परत दे. पॉलिकार्बोनेटही नको, ते करपून पिवळं-तपकिरी पडतं आणि काजळी धरतं.

तुझ्या पाटीसाठी ५ मिलिमीटरचा कास्ट पाया आणि त्यावर ३ मिलिमीटरची कास्ट अक्षरं घे. मराठी नाव कापताना शिरोरेषा सांभाळ. ग, ण, श यांचा काना फक्त शिरोरेषेलाच लटकलेला असतो, म्हणून ती निदान ३ मिलिमीटर जाड ठेव. अनुस्वार सुटा पडतो, तो हरवू नये म्हणून लगेच डबीत टाक. तेलुगूत शिरोरेषा नाही. अक्षर अक्षर वेगळं निघतं, आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली सुटं बसतं. म्हणून तीच फाइल आधी जाड कागदावर काप. अक्षरांच्या जागी भोकं पडलेला तो कागद पायावर ठेवून अक्षरं चिकटवली की ओळ वाकडी होत नाही.

पाटी उन्हात लागणार आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, आणि ३० अंशांच्या फरकानं एक मीटर अ‍ॅक्रिलिक सुमारे २ मिलिमीटर वाढतं. म्हणून ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ६ मिलिमीटरचं भोक ठेव आणि स्क्रू आवळून टाकू नकोस. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून तडा जाईल. घरातल्या शीटही भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नकोस, आडव्या ठेव.

कापताना वरचा कागद राहू दे, धुराचे डाग पडत नाहीत. मशीन चालू असताना तिथून हलायचं नाही, अ‍ॅक्रिलिक पेट घेतं. कापलेल्या कडा स्पिरिटनं पुसू नकोस, बारीक चिरा पडतात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. चिकटवायला क्लोरोफॉर्म वापरशील तर खिडकी उघडी ठेव.

आणि शीटला हात लावायच्या आधी तेलुगू मजकुराची प्रिंट काढून त्या घरातल्या आजींना वाचायला दे. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं तुटतात, आणि तुला-मला ते कळणार नाही. त्यांनी हो म्हटलं की फाइलमधला मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या नुसत्या रेषांमध्ये, बदल आणि मग काप.

तुझा,
काका