बारावी मराठी माध्यमातून झाली. एफवायबीकॉमची इंग्रजी पुस्तकं वाचतो, पण कळत नाहीत. काय करू?

प्रत्येक अडलेल्या शब्दाला डिक्शनरी उघडू नका. तिसऱ्या शब्दापर्यंत वाक्याची सुरुवातच डोक्यातून जाते. रोज दोनच पानं घ्या. आधी न थांबता वाचा, अडलेल्या शब्दाखाली फक्त पेन्सिलची रेघ मारा. मग पुस्तक मिटून प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा मराठीत एका ओळीत लिहा. जमलं नाही तरच मागे जा.

पुन्हापुन्हा येणारे ५-६ शब्द वहीत उतरवा, पण अख्ख्या वाक्यासकट. अर्थशास्त्रात 'इंटरेस्ट' म्हणजे बहुतेकदा व्याज, आवड नव्हे. सुटे अर्थ पाठ केले की इथेच फसगत होते. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने अर्थ झाकून आठवा. वाक्यं जोडणारे शब्द मात्र सगळ्यात आधी पक्के करा. 'अनलेस' (म्हणजे 'तसं नसेल तर') निसटला की नियमाचा अर्थच उलटा होतो.