ठिबक आधी की वारस नोंद आधी?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. सगळा ऊस, पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. खालच्या एकरात उसाची नुसती तूट पडते, उन्हाळ्यात रान पांढरं फुलतं. ठिबकला ऐंशी टक्के अनुदान आहे म्हणतात. दुकानदार म्हणतो, संच आधी बसवून घ्या, कागदाचं मी बघतो. माझे यजमान वारले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. मुलं लहान आहेत. काय करू? – एक भगिनी

उत्तर : ताई, दुकानदाराला आत्ता एक रुपयाही देऊ नका. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, निवड झाली की कागद चढवायचे, मग पूर्वसंमती येते. त्या पूर्वसंमतीच्या तारखेनंतर घेतलेल्या संचालाच अनुदान मिळतं. आधीचं बिल कितीही खरं असलं तरी चालत नाही. कृषी सहायक म्हणून तुमच्याच भागात नोकरी केली, तेव्हा हातात पक्कं बिल घेऊन ऑफिसच्या पायरीवर बसलेली माणसं पाहिली आहेत. त्यांना ‘नाही’ सांगताना जीव तुटायचा. म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं.

अर्ज तुमच्या नावाने व्हायचा तर सातबाऱ्यावर तुमचं नाव हवं. तेव्हा पहिली खेप तलाठी कार्यालयात. यजमानांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन वारस नोंदीचा अर्ज करा. तुमचं आणि मुलांचं नाव लागेल. मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली असल्यामुळे त्यांच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञानाचा पालनकर्ता) म्हणून तुमचं नाव येईल. 2025 साली राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली ती अशाच अडलेल्या नोंदींसाठी. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. दीर-भाऊबंद ‘आत्ता कशाला घाई’ म्हणतील, तरीही नोंद करा. हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. फेरफार मंजूर झाला की फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढा आणि आधारला जोडलेलं बँक खातं स्वतःच्या नावाने ठेवा, कारण पैसे थेट तिथेच येतात.

आता ते ऐंशी टक्के. तुमची जमीन पाच एकरांच्या आत, म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’मधून 55 टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून 25. पाच एकरांच्या वरच्यांना 45 आणि 30. पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नसतात, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात. बिल त्याच्या वर गेलं की फरक तुमच्या पदरचा. अनुदानही बिल चढवून मोका तपासणी झाल्यावरच पडतं, तोवर पैसा गुंतून राहतो. दुकानदाराकडून लेखी कोटेशन घ्या आणि तुमच्या वाट्याला नक्की किती येतं ते त्यावर लिहून मागा.

माझं मन मात्र त्या खालच्या एकरात अडकलंय. तिथे नुसतं ठिबक टाकून भागणार नाही. पांढरं फुलतं म्हणजे पाटाचं पाणी वर्षानुवर्षं साचून खालचे क्षार वर आलेत. रान क्षारपड असेल तर निचऱ्याचे चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुवावे लागतात. चोपण असेल, म्हणजे पाणी वरच तुंबतं, वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही, सामू (पीएच) साडेआठच्या वर आहे, तर जिप्सम लागतं. तेही निचरा केल्यावरच. वरवर बघून दोन्हींत गल्लत होते, म्हणून माती तपासा.

नमुना असा घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, खुरप्याने इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करा आणि आतली माती काढून टाका. मग खड्ड्याच्या एका कडेची, वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीची खपली उतरवा. एकरात आठ-दहा ठिकाणी असं करा. बांध, उकिरडा, झाडाखालची सावली टाळा. सगळी माती गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. कापडी पिशवीत भरा, युरियाच्या गोणीत नको. खालच्या एकराची पिशवी वेगळी, वरच्या रानाची वेगळी. विहिरीची मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग त्याच पाण्याने बाटली विसळून लिटरभर पाणी घ्या. पाण्याची क्षारता 2.25 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आली तर त्या पाण्यावर ऊस सोडून दुसऱ्या पिकाचा विचार करावा लागेल.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. पाटाची पाळी महिन्या-दीड महिन्याने येते आणि ठिबकला पाणी जवळजवळ रोज लागतं. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, ते आधी बघा. टिकत नसेल तर शेततळ्यालाही 75 हजारांपर्यंत अनुदान आहे. मात्र क्षारपड रानात बिनअस्तराचं तळं खोदू नका, खारं पाणीच पाझरून येईल.

प्रश्न : सांगोल्याला डाळिंब आहे. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जिप्सम टाकायला सांगितलंय. तलावातला गाळही अनुदानातून मिळतोय, बागेत टाकू का?

उत्तर : पानांची ही खूण लोहाच्या कमतरतेची आहे आणि आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात ती हमखास दिसते. चुनखडीत कॅल्शियम आधीच भरपूर, त्यात जिप्समने काय साधणार? शेणखतात मिसळलेलं गंधक आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी हा रस्ता. प्रमाण मात्र माती आणि पानांच्या तपासणीवरूनच ठरवा. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे, अहवाल घेऊन तिथे जा.

गाळ बागेत टाकू नका. डाळिंबाला निचऱ्याची जमीन लागते, गाळाने पाणी धरलं की मर रोगाला आमंत्रण. तुमचं एखादं मुरमाड, मोकळं रान असेल तर तिथे टाका. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत लहान शेतकऱ्याला एकरी 15 हजार, अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त 37 हजार 500 रुपये मिळतात.