बाळाचं सर्टिफिकेट मँचेस्टरचं, आजीआजोबा सांगलीचे

प्रश्न: ताई, मी सांगलीची, विश्रामबागची. आता मँचेस्टरला असते. माझी बायको इंग्लिश आहे, बाळ तिच्या पोटचं, पण बर्थ सर्टिफिकेटवर आई-पालक म्हणून आम्हा दोघींची नावं आहेत. गणपतीत बाळाला घेऊन घरी जायचंय. आई विचारतेय पोलिसांचं काही लचांड नाही ना होणार, आणि बाबा म्हणतायत बाळाचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) काढून घे, घर नातवाच्या नावावर करतो. सुरुवात कुठनं करू?

उत्तर: आधी आईला फोन कर आणि सांग की पोलिसांचा काही संबंध नाही, 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम 377 मधला, सज्ञान लोकांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढलाय, दोघी एका घरात राहणं हा गुन्हा नाही.

पण गुन्हा नाही म्हणजे नातं मान्य आहे असं समजू नकोस. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, ते संसदेचं काम म्हणून सोडलं, आणि जोडीनं दत्तक घ्यायचा मुद्दा तर 3 विरुद्ध 2 नं गेला. म्हणजे इंग्लंडमध्ये तू पक्की पालक (तिथं कृत्रिम गर्भधारणेनं बाळ राहताना लग्न झालेलं असेल तर सहसा जन्म देणारीची बायको कायद्यानंच पालक होते), आणि मुंबईला उतरलीस की तुझ्या नात्याला इथल्या कायद्यात जागाच नाही. गंमत बघ, याच कोर्टानं 2022 मध्ये एका नर्सच्या रजेच्या केसमध्ये म्हटलं होतं की कुटुंब वेगवेगळ्या प्रकारचं असू शकतं, समलिंगी जोडपंसुद्धा. बोलायला छान, पण काउंटरवर त्याचा उपयोग शून्य. म्हणून एका सर्टिफिकेटवर भागेल असं धरू नको, प्रत्येक कामाला वेगळा कागद कर.

ओसीआय भारतीय आईबाप, आजीआजोबांच्या नात्यावर मिळतं आणि तुमच्याकडे ते नातं तुझ्याकडनं येतंय, जन्म देणारीकडनं नाही, तर अर्ज अडकू शकतो हे धरून चाल. त्यासाठी ट्रिप थांबवू नको, बाळाच्या ब्रिटिश पासपोर्टवर ई-व्हिसा काढ. फॉर्ममध्ये वडिलांचं नाव विचारतील, तिथं कोणा काका-मामाचं नाव ठोकून देऊ नको, हेल्पडेस्कला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. ओसीआयच्या अर्जात खोटी माहिती सापडली तर कार्ड नंतरही रद्द होतं. (आपल्या राज्यानं 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलंय, पण बापाचा रकाना काही गेला नाही!)

बर्थ सर्टिफिकेट आणि मॅरेज सर्टिफिकेट दोन्हीवर तिकडच्या लीगलायझेशन ऑफिसकडनं अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घे. बायकोकडनं एक नोटराइज्ड पत्र घे, बाळाला प्रवासाला न्यायचा आणि दवाखान्यात सही करायचा अधिकार तुला आहे असं, त्यालाही अपॉस्टिल. ती बरोबर येणार असली तरी घे, कारण मिरजेच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता तीच आजारी असली तर काय करशील?

आता बाबांचं घर. त्यांनी काही लिहिलं नाही तर आईला आणि तुम्हा मुलांना जाईल, नातवाचा प्रश्न तुझ्यानंतर येतो, आणि तिथं गडबड आहे. म्हणून बाबांनी मृत्युपत्रात नुसतं 'नातू' लिहू नये, पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर लिहावा. साक्षीदार दोन, ज्यांना काही मिळणार नाही असेच. सक्ती नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. तूही भारतातल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्र कर, बायकोचं नाव घालून. बँकेत नुसतं नॉमिनी लावून गप्प बसू नको, नॉमिनी पैसे सांभाळतो, मालक होतो असं नाही. 28 ऑगस्ट 2024 ला सरकारनं स्पष्ट केलंय की एलजीबीटी लोकांना जोडीदारासोबत जॉइंट खातं काढायला किंवा त्याला नॉमिनी करायला बंदी नाही, तेवढं मात्र करून टाक. शेतजमीन असेल तर सातबाराला हात लावण्याआधी सांगलीतल्याच वकिलाला विचार, तिचे नियम वेगळे आहेत.

अमेरिकेतल्या वाचकांनो, तुमच्याकडे 2017 च्या कोर्ट निकालानं सर्टिफिकेटवर दोघांची नावं येतात, तरी कोर्टातनं दत्तकाची ऑर्डर घेऊन ठेवा, नुसत्या सर्टिफिकेटपेक्षा ती पक्की. जर्मनीत तर जन्म देणारीच्या बायकोला अजून वेगळं दत्तकच घ्यावं लागतं.

आणि गणपतीत शेजारच्या काकू 'बाप कुठाय' विचारणारच, तर काय सांगायचं ते आईला ठरवू दे, तिला रोज त्याच गल्लीत राहायचंय.