कोनसेट नवा घालूनही ७०-८०च्या वेगाला बाइक झुलते. आता टायर बदलावेत का?

टायरचा खर्च करण्यापूर्वी बाइक नेमकी कुठून झुलते ते ठरवावे. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, बदलून झाल्याचे आपण लिहिले आहे आणि माझे दुखणे तिथेच आहे, कारण आपल्याकडे बाइक जरा हलली की दोष कोनसेटवर जातो.

माझी जुनी साडेतीनशे सीसीची बाइक खंबाटकीच्या वळणांवर झुलू लागली, तेव्हा घरात गाड्यांच्या बाबतीत ज्याचा शब्द अखेरचा मानला जातो त्या माझ्या थोरल्या भावाने ती न पाहता फोनवरच निदान केले. त्याच्या सांगण्यावरून गॅरेजवाल्याने नवा कोनसेट घातला आणि तो इतका आवळला की हँडल आपोआप मध्यावर येईना, त्यामुळे बाइक कमी वेगातही सरळ चालेना. वेगातले झुलणे मात्र कायम राहिले. हँडल भराभर थरथरणे आणि सेकंदाला दोन-चार वेळा सगळी बाइक संथपणे नागमोडी झुलणे हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचे मूळ बहुधा पुढे असते, दुसऱ्याचे बहुधा मागे. मी बाइक मेन स्टँडवर घेऊन चिमट्याचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे, मागचे टोक आडवे हलवले, तेव्हा त्याच्या सांध्यातल्या बुशमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला स्पष्ट जाणवला. चिमटा स्थिर राहून केवळ चाक हलले असते, तर व्हील बेअरिंग पाहिले असते. बुश बदलून कोनसेट थोडा सैल केल्यावर बाइक सरळ झाली. नव्या कोनसेटचा गुण उशिरा आला, असे दादा आजही सांगतो.

टायर मधोमध सपाट झिजला असेल तर तो जरूर बदलावा, परंतु त्याआधी टायर थंड असताना हवा तपासावी आणि चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या आहेत का ते पाहावे. मागच्या चाकाच्याही मागे जड पेटी लावली असेल, तर ती काढून चालवून पाहावे. मी मेकॅनिक नाही आणि आपली बाइक मी पाहिलेली नाही, हेही लक्षात घ्यावे. ती झुलू लागल्यास ब्रेक एकदम दाबू नये, हँडल घट्ट आवळू नये, वेग हळूहळू उतरू द्यावा.

पुढचे चाक उचलून हँडल फिरवताना ते सहज फिरत असेल, मध्यावर अडकत नसेल आणि पुढचे चाक धरणारा फोर्क पुढेमागे ओढल्यावर ठकठक येत नसेल, तर कोनसेट ठीक आहे. एवढेही न तपासता कोनसेट बदलायला लावणाऱ्याकडून, तो थोरला भाऊ असला तरी, निम्मा खर्च वसूल करावा.