रात्रीत चिकटवलेल्या चिमण्या आणि चौकीचा फोन

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मामला असा की तुम्ही घरी सिमेंटच्या बोटभर चिमण्या करता, रंगवता आणि पहाटे कुणी उठायच्या आत एम-सीलने भिंतींवर चिकटवून येता, वीसेक झाल्या, कुणाच्या ते कुणालाच माहीत नव्हतं. आता शेजारच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत तुम्ही सापडलात, क्लिप ग्रुपवर फिरतेय, सेक्रेटरी एफआयआरची भाषा करतायत आणि चौकीतून 'येऊन जा' असा फोन आलाय. ग्रुपवर जाहीर माफी मागून विषय संपवू का, असं विचारताय.

नका मागू. पोलिसांपुढची कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही, पण ग्रुपवर स्वतः टाइप केलेलं "हो मीच लावल्या, सॉरी" चालू शकतं आणि स्क्रीनशॉट तर सगळ्यांकडेच राहतो.

आता कायदा. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात भिंत फुटलीच पाहिजे असं नाही, दर्शनी जागेचं रूप बिघडवलं एवढं पुरतं, आणि रूप बिघडलं की खुललं हे तुम्ही ठरवून चालत नाही. (वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्या दादांना हा कायदा का दिसत नाही ते मला विचारू नका.) दुसरं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ३२४, आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करणं. तिथे नुकसान आणि तसा हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते, बोटभर चिमणीने भिंतीची किंमत उतरली हे पटवताना समोरच्याला घाम फुटेल. पण घाबरून चिमण्या उपटायला जाऊ नका, प्लास्टरचा पोपडा निघाला की त्यांना आयतं नुकसान मिळालं. पालिकेच्या बसस्टॉपवरच्या दोन चिमण्यांची मला जास्त काळजी वाटते, सरकारी किंवा पालिकेच्या मालमत्तेचं नुकसान धरलं तर आगळीकीची शिक्षा १ वर्षापर्यंत जाते.

चौकीला नुसत्या फोनवर जायचं नाही. लेखी द्या म्हणावं, नम्रपणे. तपासात माहिती विचारायला बाईला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, आणि असल्या छोट्या गुन्ह्यात सहसा थेट अटक नाही, आधी नोटीस येते.

मी तुमच्या जागी असतो तर एखादा वकील किंवा दोघांच्या ओळखीचा माणूस घेऊन सेक्रेटरींना घरी जाऊन भेटलो असतो, ग्रुपवर नाही. कमिटीने 'आमची हरकत नाही' असं दोन ओळींचं पत्र दिलं तर निम्मी केस तिथेच गळते, आणि नुकसान फक्त खासगी माणसाचं असेल तर आगळीक तडजोडीने मिटते. भिंत कुणाची आणि त्याला विचारलं होतं का, सगळं यावरच अडतं. पुढची चिमणी विचारूनच लावा.

राहता राहिला तो कॅफेवाला, ज्याने तुमच्या चिमणीचा फोटो मगवर छापलाय. भिंतीवरचं चित्र असतं तर मी जोर केला असता, वरळीतलं एक म्युरल विमा कंपनीने जाहिरातीत वापरलं तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती जाहिरात काढायला लावली. पण तुमची चिमणी पडते शिल्पात, आणि सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायदाच मुभा देतो. एम-सीलने चिकटवलेलं 'कायमचं' धरायचं का यावर भांडता येईल, भांडू की. फक्त त्या नोटिशीवर 'या चिमण्या माझ्या' असं सहीनिशी लिहावं लागेल, म्हणून चौकीचं मिटेपर्यंत मगातली कॉफी पिऊ दे लोकांना.