सिंगापूरला मतमोजणी चोख, मग सत्ता कायम एकाच पक्षाकडे कशी?

प्रश्न: ताई, माझी भाची लग्नानंतर सिंगापूरला गेली, आता तिकडचीच नागरिक आहे. मे २०२५ ला तिने तिकडे पहिल्यांदा मतदान केलं. म्हणते सगळं शिस्तीत, बूथ कॅप्चरिंग नाही की पाकिटं नाहीत. मग १९५९ पासून पीपल्स ॲक्शन पार्टी हा एकच पक्ष कसा काय येतो? गोम कुठे आहे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: भाची खरं सांगतेय, मोजणीत काही गडबड नसते. जे काही होतं ते मतदानाच्या आधी होतं.

तिकडे १९८८ पासून गटाने लढवायच्या जागांची पद्धत आहे आणि आता बहुतेक जागा तशाच आहेत, म्हणजे एका मतदारसंघात चार किंवा पाच उमेदवारांचं पॅनल, आणि जे पॅनल जिंकेल त्याच्या सगळ्या जागा. पॅनलमध्ये एक तरी मलय, भारतीय किंवा इतर अल्पसंख्याक उमेदवार हवाच, सरकारने कारण तेच दिलं होतं आणि ते कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण छोट्या पक्षाने पाच दमदार माणसं आणायची कुठून, त्यात २०२५ ला डिपॉझिट माणशी १३,५०० सिंगापूर डॉलर, म्हणजे पाच जणांचे ६७,५०० झाले, आणि एक अष्टमांश मतं पडली नाहीत तर सगळे जप्त. अशी गटाची जागा विरोधकांना पहिल्यांदा मिळाली ती थेट २०११ मध्ये, अल्जुनीद मतदारसंघात वर्कर्स पार्टी या विरोधी पक्षाने परराष्ट्रमंत्री जॉर्ज यो यांच्या पॅनलला हरवलं तेव्हा. म्हणजे तेवीस वर्षं गेली!

मतदारसंघांच्या सीमा ठरवणारी समिती पंतप्रधान नेमतात. २०२५ ला नवे नकाशे मार्चमध्ये आले आणि ३ मेला मतदान, प्रचाराला जेमतेम नऊ दिवस. एवढ्यात नवखा माणूस घरोघरी पोचणार कसा, तुम्हीच सांगा.

आता आकडे बघा. २०२० ला पीपल्स ॲक्शन पार्टीला ६१ टक्के मतं आणि ९३ पैकी ८३ जागा. २०२५ ला साधारण ६५ टक्के मतं, ९७ पैकी ८७ जागा. म्हणजे तीनातला एक माणूस विरोधात मत देतो पण संसदेत तो जेमतेम दिसतो, आणि मला हेच सगळ्यात जास्त खटकतं.

पण लोक नुसते घाबरून मत देतात असं समजू नका हं. सरकारी घरं, नोकऱ्या, सुरक्षितता यामुळे मनापासून मत देणारे खूप आहेत. मात्र १९९७ च्या निवडणुकीच्या वेळी तेव्हाचे पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी उघड सांगितलं होतं की आम्हाला मत देणाऱ्या भागातल्या सरकारी इमारतींच्या सुधारणेचं काम आधी होईल. घराचा प्रश्न आला की माणूस दहादा विचार करणारच ना.

प्रश्न: तिकडे मतदान सक्तीचं आहे म्हणे, पण भाचीच्या मैत्रिणीला मतच देता आलं नाही, असं कसं?
– तेच वाचक

उत्तर: ती बहुतेक मरीन परेड-ब्रॅडेल हाइट्स मतदारसंघातली असणार. तिथे वर्कर्स पार्टीने अर्जच भरला नाही, पाच जागा बिनविरोध गेल्या आणि सव्वा लाखाहून जास्त मतदार घरी बसले. सक्ती आहे हे खरं, सबळ कारण नसताना मत दिलं नाही तर यादीतून नाव जातं आणि परत घालायला ५० डॉलर भरावे लागतात, पण लढतच नसेल तर प्रश्नच मिटला. १९६८ ला तर ५८ पैकी ५१ जागा अशा बिनविरोध गेल्या होत्या. आता निदान एक तरतूद आहे, विरोधी खासदार १२ पेक्षा कमी आले तर हरलेल्यांपैकी जास्त मतं घेतलेल्यांना संसदेत घेतात, म्हणून २०२५ ला दहाचे बारा झाले.